नामदारांना फिरायला वेळ नव्हता



संयोजकांनी मला विषय कळवला तो 'व्यग्र नेतृत्व आणि थकवा' असा. समोर बसलेली मंडळी पाहिली तर विषय योग्य गावी आलेला दिसतो. पतसंस्थेचे पदाधिकारी आहेत, दोन-तीन मुख्याध्यापक आहेत, नगरपालिकेतली माणसं आहेत. मागच्या रांगेत काही कार्यकर्ते फोन मांडीवर उलटा ठेवून बसलेत, पण हात फोनवरच आहे. वेळेचं नियोजन कसं करावं, पहाटे किती वाजता उठावं, टपाल कधी उघडावं हे सांगणारी पुस्तकं बाजारात ढिगानं मिळतात. त्यातलं मी काही सांगणार नाही. मी नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांबद्दल बोलणार आहे. वेळेचा इतका काटेकोर हिशेब ठेवणारा माणूस आपल्या सार्वजनिक जीवनात क्वचितच झाला असेल. तो १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी गेला.

एकटे गोखलेच लवकर गेले असंही नाही. पुण्याच्या त्या दोन-तीन दशकांतली वयं एकदा ओळीनं वाचून पाहा. विष्णुशास्त्री चिपळूणकर ३१ व्या वर्षी गेले, कोशकार वामन शिवराम आपटे पस्तिशीच्या आत आणि आगरकर ३८ व्या वर्षी. न्यायमूर्ती रानड्यांनाही साठी गाठता आली नाही. कारणं वेगवेगळी होती. आगरकरांना दम्यानं पोखरलं होतं, गोखल्यांना मधुमेह होता. पण पुतळ्यांखाली आणि स्मरणिकांत आपण सगळ्यांसाठी एकच वाक्य वापरतो, 'देशासाठी देह झिजवला'. एकदा तसं म्हटलं की हार घालून मोकळं होता येतं. हे काम कसं वाटलेलं होतं, कुणाच्या अंगावर किती पडत होतं आणि दुसरं कुणी ते उचलू शकलं असतं का, हे विचारायचं मग राहूनच जातं.

१९०१ च्या डिसेंबरात गांधीजी काँग्रेसच्या अधिवेशनासाठी कलकत्त्याला गेले आणि त्यानंतर सुमारे महिनाभर गोखल्यांच्या बिऱ्हाडी राहिले. गांधीजी तेव्हा बत्तीस वर्षांचे आणि गोखले पस्तिशीचे. त्या महिन्याची हकीकत गांधीजींनी आत्मकथेत लिहिली आहे. गोखल्यांचा एक क्षणही वाया जात नाही आणि त्यांची मैत्रीसुद्धा सार्वजनिक कामातच मिसळलेली असते, हे पाहून गांधीजी भारावले. मात्र दोन गोष्टी त्यांना खटकल्या. पहिली म्हणजे गोखले ट्रामऐवजी घोडागाडीनं जात. गोखले त्यावर म्हणाले की ही माझ्या सुखाची सोय नाही, मला ओळखणारे फार आहेत आणि ट्राममधून हिंडणं मला जमण्यासारखं नाही. तुमचाही परिचय असाच वाढला की तुम्हाला कळेल, असंही त्यांनी बजावलं. हे उत्तर गांधीजींना पटलं. दुसऱ्या गोष्टीचं उत्तर मात्र पटलं नाही. तुम्ही कधी फिरायलासुद्धा जात नाही, मग प्रकृती बिघडणार नाही तर काय, असं त्यांनी विचारलं. त्यावर गोखल्यांनी उलट प्रश्न केला, की मला फिरायला जाण्याइतका मोकळा तुम्ही कधी पाहिलात? गांधीजींच्या मनात आदर इतका होता की त्यांनी वाद घातला नाही, पण समाधान झालं नाही हे त्यांनी लिहून ठेवलं.

इथे सभागृहात एखादे डॉक्टर असतील तर ते मला अडवतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. इन्सुलिनचा शोध लागला १९२१ मध्ये, गोखले गेल्यानंतर सहा वर्षांनी. त्याआधी मधुमेह झालेल्या माणसाच्या हाती पथ्यापलीकडे फारसं काही नसे. रोज दोन मैल चालले असते तर गोखले वाचले असते, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. मला कुतूहल आहे ते त्यांच्या उत्तराचं. इतक्या कमी वेळात इतकं काम उरकणाऱ्या माणसाजवळ वेळ उरायला हवा होता. तो उरलेला वेळ गेला कुठे?

गोखल्यांची कामाची रीत पाहा. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी रानड्यांनी त्यांना राबवून घेतलं. सरकारी अहवालातल्या आकड्यांतून युक्तिवाद कसा काढायचा, हे ते तिथे शिकले. २६ मार्च १९०२ रोजी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर त्यांचं पहिलं भाषण झालं. सरकारच्या तिजोरीत शिल्लक दिसते आणि रयत मात्र खंगते, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी मांडलं. त्या आकड्यांमागे सोलापूरचे मुख्याध्यापक गणेश व्यंकटेश जोशी यांची मदत होती, आणि गोखले ती मनापासून मागत. पुढे १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत तिथल्या सरकारातले जनरल बोथा आणि स्मट्स यांना भेटायचं होतं तेव्हा तिथल्या हिंदी लोकांचा वीस वर्षांचा इतिहास त्यांनी गांधीजींकडून टिपणाच्या रूपात मागितला आणि रात्री जागून तो घोटून घेतला. भेटीत कुठलाही मुद्दा निघाला तरी अडखळायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

अशी तयारी करणारा माणूस सापडला की लोक काय करतात? आणखी एक काम त्याच्या हाती देतात. फर्ग्युसन कॉलेजात गोखल्यांनी इंग्रजी शिकवलं, गणित शिकवलं, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवलं. जो विषय अडेल तो गोखल्यांकडे, म्हणून लोक त्यांना गमतीनं 'प्रोफेसर टु ऑर्डर' म्हणत. आता फक्त १९०५ हे साल घ्या. जूनमध्ये भारत सेवक समाजाची स्थापना, मग इंग्लंडला जाऊन तिथल्या मतदारांपुढे लागोपाठ सभा, परत आल्यावर डिसेंबरात बनारस काँग्रेसचं अध्यक्षपद, आणि शिवाय कौन्सिलचं सभासदत्व. पुण्याच्या नगरपालिकेचं अध्यक्षपदही त्यांनी याच काळात सांभाळलं. ज्याला गटारांच्या आणि पाण्याच्या तक्रारी ऐकाव्या लागल्या आहेत, तोच या शेवटच्या कामाचं वजन सांगू शकेल.

कामाचा उरक वाढला की थकवा कमी होईल, असं वेळेच्या नियोजनाची पुस्तकं गृहीत धरतात. माझा अनुभव उलटा आहे, आणि गोखल्यांचं चरित्र वाचून तो पक्का झाला. उरक असलेल्या माणसाकडे काम उताराच्या पाण्यासारखं धावत येतं. शाळेत ज्या शिक्षिकेचे तक्ते वेळेवर तयार असतात, तिच्याकडेच यू-डायसची माहिती, पोषण आहाराची नोंद आणि स्नेहसंमेलन येतं. आळशी माणसाला सेवानिवृत्तीपर्यंत कुणी त्रास देत नाही.

ही गोष्ट त्या काळीही काहींच्या लक्षात आली होती. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद स्वीकारलं आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीत वाद पेटला. टिळकांचं म्हणणं असं, की आजीव सभासदानं आपली सगळी शक्ती संस्थेला द्यावी, तो बाहेरच्या कामांत वाटला गेला तर शाळा-कॉलेजचं नुकसान होतं. जेझुइट पाद्र्यांच्या त्यागाचा दाखला त्यांनी दिला आणि वर्षाच्या अखेरीस लांबलचक पत्र लिहून राजीनामा दिला. केसरी-मराठ्याच्या व्यवहारात ते स्वतः गुंतलेले होतेच, तेव्हा त्यांची बाजू अगदी निखळ नव्हती. आपण तो वाद जहाल-मवाळ भांडणाची नांदी म्हणून वाचतो. मला तो मराठी संस्थांमधला कामाच्या ओझ्यावरचा पहिला मोठा वाद वाटतो, आणि त्या एका मुद्द्यापुरतं टिळकांचं बरोबर होतं असं माझं मत आहे.

गंमत पुढे आहे. टिळक संस्था सोडून गेले आणि कॉलेजात गणित शिकवायला माणूस उरला नाही. ते ओझंही गोखल्यांवर आलं. मग १८९१ मध्ये त्यांनी मुंबईहून एल्फिन्स्टनच्या दिवसांतल्या एका ओळखीच्या माणसाला बोलावून घेतलं. ते धोंडो केशव कर्वे. गोखल्यांपेक्षा आठ वर्षांनी मोठे, भिडस्त आणि वक्तृत्वाचा गंध नसलेले. या गृहस्थांचा देहान्त झाला ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०४ व्या वर्षी.

आयुष्याची लांबी हा काही कर्तबगारीचा पुरावा नव्हे. अण्णा कर्व्यांची प्रकृती मुळात काटक होती, तो निसर्गाचा भाग सोडून देऊ. पण त्यांची कामाची पद्धत पाहण्यासारखी आहे. प्लेगच्या दिवसांत, १९०० साली, अनाथ बालिकाश्रम हिंगण्याला एका झोपडीत गेला. कर्वे दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत आणि संध्याकाळी आश्रमाकडे चालत निघत. चारेक मैलांची वाट आणि पावसाळ्यात चिखल. तिथे मुलींना शिकवायचं, हिशेब पाहायचा आणि परतायचं. असं बराच काळ चाललं. गोखल्यांना फिरायला वेळ मिळत नव्हता आणि कर्व्यांना फिरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. टांग्याचे पैसे असते तर कदाचित तेही गेले असते टांग्यानं.

चालण्यापेक्षा मला त्यांची दुसरी सवय मोलाची वाटते. एका वेळी एक काम हाती घ्यायचं, ते पायावर उभं राहीपर्यंत त्यालाच चिकटून राहायचं, आणि उभं राहिलं की दुसऱ्याच्या हाती द्यायचं. १९०८ च्या सुमारास त्यांनी निष्काम कर्म मठ काढला तोच मुळी संस्था सांभाळणारी माणसं तयार करायला. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघालं तेव्हा कुलपती झाले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि कुलगुरू झाले रँग्लर र. पु. परांजपे. ज्याच्या डोक्यातून विद्यापीठ निघालं त्या माणसाकडे यातली एकही खुर्ची नव्हती. तो निधी गोळा करायला गावोगाव हिंडत होता. आपल्याकडे संस्थापक हयात असताना दुसऱ्याला अध्यक्ष करायचं म्हटलं तर निम्मं कार्यकारी मंडळ गैरहजर राहतं.

अर्थात अण्णांच्या या शांत चालण्याची किंमत घरात कुणीतरी मोजत होतं. आयुष्याचा पाच हजार रुपयांचा विमाही अण्णांनी आश्रमाला देऊन टाकला होता. त्यांच्या पत्नी बाया कर्व्यांचं 'माझे पुराण' वाचा, म्हणजे पैशाची ओढाताण कुणाच्या वाट्याला आली ते कळेल. रमाबाई रानड्यांच्या आठवणींतही तेच दिसतं. न्यायमूर्तींच्या एवढ्या व्यापाला उसंत होती, कारण ती उसंत घरातली बाई घडवून आणत होती. आज मुख्याध्यापिका, सरपंच, बँकेच्या शाखाप्रमुख अशा स्त्रिया मोठ्या संख्येनं आहेत. त्यांच्या घरी त्यांच्यासाठी अशी उसंत घडवणारं कुणी नसतं. थकव्यावर बोलणारे बहुतेक वक्ते पुरुष असतात, मीही त्यातलाच, आणि हा भाग आम्ही घाईनं उरकतो.

टिळकांची वाट तिसरी. त्यांच्यावर खटले होते, तुरुंग होता, ताईमहाराज प्रकरणासारखी वर्षानुवर्षं चिघळलेली भांडणं होती. पण त्यांच्याजवळ राजकारणाबाहेरची एक खोली होती. वेदकाल, ज्योतिष आणि गीता हे विषय त्यांचे स्वतःचे होते, आणि सिंहगडावर बंगला होता. गोखले गेल्याची बातमी आली तेव्हा टिळक सिंहगडावरच होते, तिथून उतरून ते अंत्यविधीला आले. मंडालेत 'गीतारहस्य' त्यांनी एका हिवाळ्याच्या अवधीत पेन्सिलीनं लिहून काढलं. ते विश्रांतीत लिहिलं असं कोण म्हणेल? पण ते रोजच्या कामाहून वेगळ्या जातीचं काम होतं. प्रत्येक पदाधिकाऱ्यानं ज्योतिर्गणित करावं असा माझा आग्रह नाही. भजन चालेल, शेती चालेल, बुद्धिबळ चालेल. त्यात कुणी सत्कार करू नये एवढंच पथ्य.

आता आजच्या भाषेत ज्याला बर्नआउट म्हणतात त्याकडे येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याची नोंद आजार म्हणून केली नाही, कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून केली. तिची लक्षणं तीन सांगितली आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. यातल्या पहिल्या लक्षणाचीच चर्चा होते. ती व्हायलाही हवी. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं दगावण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो, असा अंदाज याच संघटनेनं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेबरोबर २०२१ मध्ये दिला. कामगारांनी ७० तास, ९० तास काम करावं असे सल्ले वर्तमानपत्रांतून देणाऱ्यांनी तो वाचला असावा अशी आशा करू.

पण संस्थेला खरा धोका दुसऱ्या लक्षणाचा असतो. दमलेला माणूस निदान झोपतो. कडवट झालेला माणूस रोज वेळेवर येतो, सगळ्या फायलींवर सह्या करतो, आणि नवा शिक्षक वाचनालयाची कल्पना घेऊन आला की त्याला म्हणतो, "नवीन आहात, कळेल हळूहळू." त्या एका वाक्यानं जे नुकसान होतं ते कुठल्याही लेखापरीक्षणात दिसत नाही. या कसोटीवर गोखल्यांना लावून पाहा. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक त्यांनी १६ मार्च १९११ रोजी मांडलं, वर्षभर त्यासाठी रान उठवलं, आणि १९ मार्च १९१२ रोजी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. विरोध करणाऱ्यांत आपलीही माणसं होती. हे होणार हे गोखल्यांना आधीच माहीत होतं. आमच्या पिढीनं अपयशातूनच देशाची सेवा करायची आहे, अशा आशयाचं ते बोलले, पण त्या बोलण्यात चरफड नव्हती. शरीर खचलेलं होतं, मन कडू झालेलं नव्हतं. त्यांना थकलेला नेता म्हणता येईल, बर्नआउट झालेला म्हणता येणार नाही.

असं का झालं असावं? मला वाटतं, १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज काढला त्यात याचं निम्मं उत्तर आहे. पाच वर्षांची उमेदवारी, सात शपथा, पोटापुरतं मानधन आणि नेमून दिलेलं काम. देवधर, द्रविड आणि पटवर्धन हे पहिल्या दिवसाचे सोबती. पुढे श्रीनिवास शास्त्री आले, ना. म. जोशी, हृदयनाथ कुंझरू आले, आणि १९१४ मध्ये ठक्करबाप्पा. आपल्या एकट्याच्या अंगावर जे आलं ते आता पुष्कळांत वाटायचं, ही ती योजना होती. उरलेलं निम्मं त्यांना साधलं नाही. नियमांप्रमाणे प्रथम सभासद म्हणून ते तहहयात प्रमुख राहिले. लोकसेवा आयोगाच्या कामासाठी आजारपणात विलायतेच्या फेऱ्या त्यांनीच केल्या. १९१३ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतल्या संपकऱ्यांसाठी पैसा उभा करायची वेळ आली तेव्हा अंथरुणाला खिळलेले असूनही सूत्रं त्यांच्याच हाती होती. माणसं तयार केली, पण स्वतःच्या पाटीतलं ओझं त्यांच्या पाटीत टाकायला हात धजला नाही.

१९१५ च्या फेब्रुवारीत गांधीजी पुण्याला आले. समाजाच्या आवारात गोखल्यांनी त्यांच्यासाठी छोटा फराळ ठेवला होता, शेंगदाणे, खजूर, फळं असा. तिथे येतानाच गोखल्यांना भोवळ आली. त्यांना खोलीत नेलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी निरोप पाठवला, कार्यक्रम चालू द्या. आणि तो चालू राहिला.

आपल्या संस्थांत हे जमतं का, एवढंच मला विचारायचं आहे. आपला उपाध्यक्ष आभार मानण्यापलीकडे काय करतो? धनादेशावर दुसरी सही कुणाची, आणि तो गावी गेला तर पगार थांबतो का? नेत्याचा वेळ कामात जातो त्याहून जास्त लग्न, दहावा, वास्तुशांती आणि नारळ फोडण्यात जातो, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याला नाकं मुरडणं सोपं आहे. पण दहाव्याला गेलेला माणूस लोक विसरत नाहीत आणि न गेलेलाही विसरत नाहीत. मी म्हणतो, जावं. फक्त संस्थेतर्फे कोण गेलं तरी संस्था गेली असं लोकांना वाटेल, इतकी आणखी चार माणसं त्यांना ओळखीची करून द्यावीत. तीच गोष्ट वेळेची. गांधीजींनी पुढे सोमवारी मौन पाळायला सुरुवात केली. व्हाइसरॉयपासून कार्यकर्त्यांपर्यंत सगळ्यांनी ते गृहीत धरलं, कारण ते जाहीर होतं आणि ठरलेलं होतं. ज्यांना फारच निकड असे त्यांना कागदावर चार ओळी लिहून मिळत. गुरूनं टाळलेलं फिरणंही शिष्यानं आयुष्यभर सोडलं नाही. तुमच्यापैकी कुणी गुरुवारी संध्याकाळी फोन बंद ठेवत असेल तर तो चोरून ठेवू नका, फलकावर लिहा.

थांबलो तर काम थांबेल, ही भीती प्रामाणिक असते. म्हणून त्या पडलेल्या विधेयकाचं पुढे काय झालं ते सांगतो आणि पुरे करतो. गोखले गेल्यानंतर तीन वर्षांनी, १९१८ मध्ये, मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मुभा देणारा कायदा मंजूर झाला. तो पटेल कायदा म्हणून ओळखला जातो. विठ्ठलभाई पटेलांनी तो मांडला होता, आणि ते भारत सेवक समाजाचे सभासद नव्हते.